खाली अक्षरं नसलेली हाक

मंडळी, भुतं म्हणे झाडावर राहतात. माझं सगळं आयुष्य झाडांच्या शेंड्यावर गेलं. श्रीवर्धनच्या वाड्यांमधून पोफळींवर चढून सुपारी उतरवायची, हा माझा धंदा. आम्हाला पाडेली म्हणतात. भुतं असती तर त्यांची पहिली ओळख माझ्याशी झाली असती. वानरं भेटली, मुंगळे भेटले, एकदा साप भेटला... बाकी कोणी नाही. त्यामुळे असल्या गोष्टी कोणी सांगायला लागला की मी उठून जायचो. आज मीच सांगायला बसलोय. मला उठून जाता येत नाही.

शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. भाषेला नावं ठेवू नका. कागदावर मी लिहिलंय, टाइप दुसऱ्याने केलंय. कोणी ते शेवटी सांगतो. एक शब्द बदलायचा नाही असं त्याला बजावलंय.

आधी धंद्यातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, सरळसोट आणि बारीक. प्रत्येक झाड चढायचं-उतरायचं म्हटलं तर दम संपतो. म्हणून एका शेंड्यावरचं काम झालं की खाली यायचं नाही. शेंडा झुलवायचा आणि शेजारची पोफळ पकडायची. एकटा माणूसही हे करतो. पण मी आणि धाकू जोडीने करायचो. एकाने आधी पलीकडच्या झाडावर जायचं, दुसऱ्याने झुलत यायचं, पहिल्याने हात द्यायचा. पाल्यातून एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून निघणारा हाक मारणार — "येव काय?" समोरून "ये" आल्याशिवाय आपलं झाड सोडायचं नाही. आणि एकदा "ये" म्हटलं की हात द्यायचाच. मुंगळा डसलाय, हात भरून आलाय, काही ऐकून घेतलं जात नाही. "ये" परत घेता येत नाही, कारण तोवर समोरचा निघालेला असतो.

धाकूची हाक सगळ्या श्रीवर्धनात वेगळी. माझं नाव लांबवायचा आणि शेवटाला आवाज असा वर न्यायचा की विचारतोय का चिडवतोय ते कळू नये — "नाऽऽऽमा... येव काय?" त्याने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, समोरच्या झाडावर नामा हाय, माझं भागतं. त्याच्या मनात काय होतं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एकदा मी हिवतापाने घरात पडलेलो असताना तो एकटाच वाडीत गेला आणि वरून पडला. जागीच गेला. त्याला आता तीसेक वर्षं झाली. वाडीलगतच्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी वाटेवरून, जाणाऱ्या बायकांनी मागून सांगितलं की पडायच्या आधी तो माझ्या नावाने हाका मारत होता. समोर कोणी नव्हतं. सवय असेल. मी असं धरून चाललो.

आता मुलाचं. सुधाकर मुंबईत असतो. त्याचं काम सिनेमांचं — परदेशी पिक्चरखाली आपल्या भाषेत अक्षरं टाकायची. शिवाय शनिवारी माणसं जमवून त्यांना असले कोणी न बघितलेले पिक्चर दाखवतो. दोन वर्षांमागे गणपतीला आला तो मिलिंदला घेऊन. आरती झाल्यावर ओटीवर बसून सरळ म्हणाला की बाबा, हा नुसता मित्र नाही, आम्ही एकत्र राहतो आणि जन्मभर राहणार. मी म्हटलं, तू एकटा येणार असशील तर घर तुझं आहे. तो म्हणाला, मग नको. दोघं दुपारच्या एसटीने गेले. मी चुकलो असं मी आजही लिहिणार नाही. वाटलं ते बोललो.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. ही — म्हणजे आमची मंडळी — चोरून फोन करायची. घरात फोन एकच, बटनांचा. मला कळायचं, मी न कळल्यासारखं करायचो.

गेल्या दिवाळीनंतर मेहुणा मुंबईहून आला, त्याच्या हाती सुधाकरने एक पेनड्राइव्ह दिला होता. सोबत निरोप — यात पिक्चर आहेत, बाबांनी सगळे बघावेत. बघून झाले की मी फोन करून 'आम्ही दोघं येऊ का' एवढंच विचारीन. नाही म्हणाले तर आयुष्यात परत विचारणार नाही.

ही म्हणाली, "बगा तरी. बगायला काय जातंय?"

मी म्हटलं, बघतो. सगळे बघतो आणि मग नाही म्हणतो. न बघता नाही म्हटलं असं कोणी बोलायला नको.

तर रोज दुपारी जेवून आम्ही टीव्हीसमोर. ही अडकित्ता घेऊन सुपारी फोडत बसायची. तिला वाचता येत नाही, म्हणून खालची अक्षरं मी मोठ्याने वाचायची. माझं वाचन बैलगाडीसारखं... एक ओळ वाचून होईपर्यंत पुढची निघून जायची. मग थांबवायचं बटन शिकलो. एकेक पिक्चर तीन-तीन दुपारी चालायचा.

पिक्चर तरी कसले? एकात एक म्हातारी सबंध वेळ हरवलेली कोंबडी शोधते, आणि कोंबडी सापडली की खेळ खलास. एकात एक माणूस घराची भिंत रंगवतो, बाकी काही नाही. ही म्हणाली, आपल्या रंगाऱ्यापेक्षा बरा, दांडी तरी मारत नाही. काही फार जुने, काळेपांढरे — टोप्या घातलेल्या बायका स्टेशनावर रडतात. हिला ते आवडले, तीही रडली. आणि मधे मधे ते... दोन पुरुषांचे. एकात दोन म्हातारे मिळून लॉन्ड्री चालवतात, एकाला विसरायचा आजार होतो, दुसरा रोज त्याला नव्याने आपलं नाव सांगतो. ते बंद करावं म्हणून मी बटनाला हात लावला होता. पण सगळे बघीन म्हटलं होतं. तेव्हा वाचत राहिलो — "तुज्याशिवाय मला करमत न्हाय रं."

अडकित्ता थांबला. ही म्हणाली, "येवढी वर्सं झाली, मला कदी म्हनलात न्हाय."

मी म्हटलं, मी कुठे म्हणतोय, तो लॉन्ड्रीवाला म्हणतोय.

तिथेच माझ्या ध्यानात आलं. अक्षरं पुस्तकी नव्हती. ती गोरी माणसं आमच्या घरातलं बोलत होती — हाय, न्हाय, अगो, अवो. अक्षरंही मोठाली, माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसतील अशी. म्हणजे हे दुकानातलं नव्हतं. सुधाकरने एकेक ओळ माझ्यासाठी बसून लिहिली होती. मला ते कळलं. पण कळलं म्हणून उत्तर बदलत नाही, असं मी हिला त्याच दिवशी सांगितलं. ती त्या रात्री जेवली नाही.

शेवटचा एक पिक्चर उरला, तसं हिने मुलाला चोरून फोनवर कळवलंही. तो पिक्चर लावायच्या आदल्या दिवशी पाणी भरताना हिच्या कमरेचा फोन हंड्यात पडला. बंद झाला. कोणीतरी सांगितलं तांदळात ठेवा, म्हणून तिने तो तांदळाच्या डब्यात पुरला. आता सुदा इचारनार कसा, म्हणून ती रडकुंडीला आली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. नाही म्हणायचं माझं ठरलेलं होतं, पण ते म्हणावं लागलं नाही तर बरंच.

मार्गशीर्षातली दुपार. लख्ख ऊन. पिक्चर बर्फाचा होता. दोन तरुण, मेंढ्या राखणारे. मधे गोठलेली नदी. एकाला घरच्यांनी पलीकडच्या काठाला लग्नासाठी पाठवलंय, दुसरा अलीकडे उभा. बर्फ पातळ झालाय, वरून चालावं तर फुटेल. बराच वेळ दोघं नुसते उभे. ही म्हणाली, काय म्हनतायत? मी म्हटलं, काही नाही, खाली अक्षरं नाहीत.

तेवढ्यात पलीकडच्याने हात वर केला, तोंड उघडलं. आणि टीव्हीतून आवाज आला —

"नाऽऽऽमा... येव काय?"

मंडळी, मी झोपेत नव्हतो. दारू मी शिवत नाही. तो आवाज कोणासारखा वगैरे नव्हता. धाकूचाच होता. शेवटाला वर गेलेला, चिडवणारा. विचार करायला वेळच मिळाला नाही. हाक आली की उत्तर पोटातून येतं, ते डोक्याला विचारत नाही. मी उभा राहिलो होतो, उजवा हात पुढे काढला होता, आणि वाडीत ओरडायचो तसा गळा फाडून ओरडलो — "ये!"

हिच्या हातातला अडकित्ता पडला. तिने विचारलं, कोनाला? मी विचारलं, तू ऐकलंस ना? तिने काही ऐकलं नव्हतं. तिला फक्त मी ओरडलेला ऐकू आला.

मी टीव्ही बंद केला आणि वाडीत जाऊन बसलो. चक्रीवादळात आमची अर्धी वाडी झोपली, तेव्हापासून उरलेल्या पोफळी लांब लांब उभ्या आहेत. आता एकीवरून दुसरीवर जायचं कोणी म्हटलं तरी मधे झाडच नाही. दिवेलागणीच्या जरा आधी ओटीसमोर रिक्षा थांबली. सुधाकर उतरला. मागून मिलिंद, दोन्ही हातांत पिशव्या.

मी वाडीतून आलो ते हेच सांगायला, की मी विचार बदललेला नाही. शब्द तयार होते. सुधाकर पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, म्हसळ्याच्या स्टँडवर बसून फोन केला. नाही म्हणाला असतात तर तिथूनच मागे फिरणार होतो."

मी म्हटलं, कोणाला फोन केला?

"तुम्हाला. एका रिंगमध्ये उचललात. मी 'आम्ही दोघं येऊ का' म्हटलं, तुम्ही 'ये' म्हणालात आणि ठेवलात."

मिलिंद हळूच म्हणाला, "काका, इतक्या जोरात म्हणालात की बाकावरच्या माणसाने वळून बघितलं."

ही आत गेली. तांदळाचा डबा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर तांदूळ सुपात ओतले. फोन निघाला. बंद. त्याच्या बटनांत तांदळाचे दाणे अडकलेले. सुधाकरने बॅटरी काढली, ती ओली होती. आपल्या मोबाइलवर त्याने दाखवलं — आमच्या नंबरला लागलेला फोन, उचललेला, वेळ दुपारची, मी ओरडलो तेव्हाची. तो फोन कोणी उचलला?

नाही म्हणायला तेव्हाही वेळ होता. मी तोंड उघडलं. पण आमच्या ओटीची खालची पायरी हलते, नव्या माणसाला माहीत नसतं. मिलिंद पिशव्या घेऊन चढायला गेला आणि कलंडला. माझा हात आपोआप पुढे गेला. मी त्याला मनगटात धरलं, वर ओढलं. पाडेल्याची पकड होती ती, सुटत नाही. वर आल्यावरही बराच वेळ मी धरूनच होतो. मग काय बोलणार? 'ये' म्हटलेलं होतं, हातही दिलेला होता. माझ्या हातात काही उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सुधाकरसमोर तोच पिक्चर लावला. ती जागा पुन्हा पुन्हा बघितली. पलीकडचा हात वर करतो, तोंड उघडतो, आणि नुसतं मुकं. सुधाकर म्हणाला, "बाबा, या जागी आवाजच नाहीय. करणाऱ्याने मुद्दाम ठेवला नाहीय. म्हणून तर मी खाली काही लिहिलं नाही."

कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला वयाच्या मानाने कान उत्तम. हिच्यावर संशय घेतला, पण ती तर माझ्या बाजूला बसलेली. फोन पुढे सुकून चालू झाला, त्याच्यात त्या दिवसाचा काहीच मागमूस नाही. देवळातल्या गुरवाला विचारा, असं लोक म्हणाले. मी विचारलं नाही, एवढा खुळा अजून झालेलो नाही.

आता दोघं महिन्या-दोन महिन्यांनी येतात. मी फार बोलत नाही. मिलिंदला मासे साफ करता येत नाहीत, हिने शिकवलं, आता बोंबील तोच कापतो. हे टाइपही त्यानेच केलंय. धाकूपाशी त्याची बोटं थांबली होती. मी म्हटलं, लिही, लिहिलंय तसं.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. सुधाकर घरी आला, ते ठीक. मी 'ये' म्हटलं ते त्याला नव्हे. मी म्हटलं धाकूला. आणि आमच्या रीतीप्रमाणे 'ये' ऐकलं की समोरचा आपलं झाड सोडतो. म्हणजे इतकी वर्षं जो कोणी वर थांबला होता, तो निघाला. आणि माझे हात आता खांद्याच्या वर जात नाहीत.

दुपारी जेवण झालं की मी वाडीत जाऊन धाकू पडला त्या जागी उभा राहतो. वर बघतो. कोणी विचारलं तर सांगतो, सुपारी कितपत धरलीय ते बघतोय.