मांडीवर न मावणारं स्वरमंडळ

निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी बातमी आली : ‘सुप्रसिद्ध संतूरवादक कुंदाताई यांचे दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग, मध्येच कुणाचं तरी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात. कुंदाताई सुप्रसिद्ध नव्हत्या आणि संतूरला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. त्या स्वरमंडळ वाजवायच्या. मी दुरुस्ती लिहायला घेतली, मग पुसून टाकली... ती त्यांनी स्वतः उभा जन्म केली होती.

खामगावात आम्ही एकाच शाळेत होतो. त्या संगीत शिकवायच्या, मी मराठी. गायक मांडीवर घेऊन ज्याच्या तारांवरून अधूनमधून बोटं फिरवतो, ते स्वरमंडळ. गाण्यामागे सुरांची झील धरायची, एवढंच त्याचं काम. कुंदाताईंना ते एकटंच, मैफलीच्या मध्यभागी वाजवायचं होतं. अडचण अशी की छेडलेली तार घुमत राहते आणि पुढच्या सुरात मिसळून सगळा काला होतो. त्यावर त्यांनी डाव्या तळहाताचा उपाय शोधला. उजव्या हातानं छेडायचं आणि डाव्याच्या कडेनं नको त्या तारा तिथल्या तिथे गप्प करायच्या. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीपलीकडे अंगठ्यानं तार दाबून त्या एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींडही काढत. “वाजवते तं कोणीही, सर,” त्या म्हणत. “चूप करता आलं पाह्यजे.” हे आमच्या मुख्याध्यापकांनाही शिकवा, असं मी एकदा म्हणालो. हसल्या नाहीत. या बाबतीत त्या विनोद खपवून घेत नसत.

बाजारातलं वाद्य त्यांच्या दोन हातांना पुरेना, म्हणून दिवाण करणाऱ्या एका सुताराकडून त्यांनी मोठं करवून घेतलं. “बाई, याच्यावर झोपाचं हाय का?” त्यानं विचारलं. “हाव, मरेपर्यंत,” त्या म्हणाल्या. ते मांडीवर मावत नसे; चौरंगावर ठेवावं लागे.

पुण्याहून एकदा बोलावणं आलं, तेव्हा मीही सोबत गेलो. वाद्य जुळवून त्या बसल्या, तर पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मोठ्या अदबीनं विचारलं, “गायक कधी येणार आहेत?” कुंदाताई माइकवर म्हणाल्या, “गायक नाही हो. मीच हाय.” सभागृह हसलं. त्या ‘हाय’ला हसलं. नंतर त्यांनी वाजवलेला मारवा मी विसरलेलो नाही, पण लोकांनी घरी नेलं ते ‘हाय’. त्यानंतर मंचावरून त्या कधी बोलल्या नाहीत.

मग गावानं सत्कार केला. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. मंचावर पाहुण्यांसाठी कूलर लावलेला. त्याच्या गार, ओल्या वाऱ्यात जुळवलेल्या तारा भाषणागणिक सुरावरून ढळत होत्या आणि कुंदाताई गळ्यातल्या हाराआडून त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी ‘वेळेअभावी एक छोटीशी झलक’ मागितली गेली. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, “मले शाल नको, नारळ नको. माह्यामागं हे वाजवणारा एक हात पाह्यजे. बस.”

तो हात त्यांना पुढे मिळालाही. पिंपळगाव राजाहून एसटीनं कॉलेजला येणारी वर्षा. संध्याकाळी ती ताईंच्या घरातल्या समोरच्या खोलीत बसे आणि रस्त्यावरून जाताना मला कळत नसे, आत कोण वाजवतंय. ते सांगितलं त्या दिवशी कुंदाताईंनी मला दोनदा चहा पाजला. वर्षानं चार-पाच वर्षं काढली. एकट्या स्वरमंडळाला कार्यक्रम मिळेनात. मिळत तिथे गायकामागे बसायला सांगत. लग्नानंतर अकोल्याला तिनं गाण्याचा क्लास काढला. क्लासमध्ये सूर मोबाइलवर लागतो, स्वरमंडळाची गरज पडत नाही. “पोट हाय न तिले,” ताई एवढंच म्हणाल्या. पण त्यानंतर समोरच्या खोलीतला आवाज कमी होत गेला. नवा विद्यार्थी शोधा म्हटलं, तर म्हणायच्या, “पुन्हा कोणाले फसवू, सर?”

शोकसभेला वर्षा आली होती. वक्त्यांनी संतूरची पोकळी भरून न येणारी असल्याचं सांगितलं. सभा उठल्यावर ताईंच्या घरी, समोरच्या खोलीत, त्यांचे धाकटे भाऊ, मधुकरराव, वर्षाला म्हणाले, “वाद्य तूच ने बाई. तुह्यंच हाय ते.” ती बराच वेळ वाद्याच्या कडेवरून बोट फिरवत उभी राहिली, तारांना न लावता. “काका, मले जमते अजून,” ती म्हणाली. “पण वाजवू कोणापुढं? बाईपुढं मी बसत होती. माह्यापुढं कोण हाय?” मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीचा शिक्षक. मी तिची पिशवी उचलली. ती एसटीनं गेली.

मधुकररावांकडे जागा नव्हती, म्हणून स्वरमंडळ आता माझ्या बैठकीत आहे. मला सा सुद्धा धड ओळखता येत नाही. उन्हाळ्यात तारा उतरतात, दोन गंजून तुटल्या. नव्या कुठल्या जाडीच्या लावायच्या, ते सांगणारं कुणी नाही. घर हमरस्त्यावर. सरकी भरलेला ट्रक हॉर्न देत गेला की उरलेल्या तारा आपोआप घुमू लागतात, सगळ्या एकदम, बेसूर... मी वर्तमानपत्र खाली ठेवतो, उठतो आणि त्यांच्यावर डावा तळहात ठेवतो. त्या गप्प होतात.

ताईंच्या वादनातलं तेवढंच मला येतं.