हातावरचं दही

मी पुणं सोडलं त्या दुपारी आई हातावर दही घालायला आली, तेव्हा माझ्या एका हातात पासपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात चकलीचा डबा. डबा कोणाकडे द्यायचा हे ठरेपर्यंत ती चमचा घेऊन दारात उभी. नारायण पेठेतला आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली मुंबई विमानतळाला जाणारी टॅक्सी गल्ली अडवून उभी होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून माझ्या जर्मनीला जाण्याची बातमी घरोघर पोचवत होता. "हातावर दही घेऊन निघालेला माणूस परत येतो," आई म्हणाली. आमच्याकडे हे परीक्षेला जाताना व्हायचं, मुलाखतीला जाताना व्हायचं. बाबा दाढ काढायला निघाले तेव्हाही तिने त्यांना सोडलं नव्हतं. बाबा खुर्चीतून न उठता म्हणाले, "दोन वर्षांसाठी चाललाय ना? मग दोन चमचे घाल."

दोन वर्षांसाठीच गेलो होतो. मग नोकरी पक्की झाली, नीलिमाशी लग्न झालं. ती मूळची अकोल्याची, पुण्यात शिकलेली, आणि माझ्यासारखीच 'थोडे दिवस' म्हणून स्टुटगार्टला आलेली. थोडे दिवस कधी संपले ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. आई-बाबा, परत कधी येणार हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर हवामान आणि गुडघे यांवर बोलून आपण तो विषय शिताफीने टाळला. बाहेर गेलेल्या प्रत्येकाच्या घरी असा एक विषय असतो, हे माझ्यासारखे जे गेले त्यांना वेगळं सांगायला नको.

आम्हाला मूल होणार नाही हे कळलं, तेव्हा दत्तक घ्यायचं ठरवायला आम्हाला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो बाकीच्यांना. घर बघायला आलेल्या जर्मन बाईंनी बाल्कनीचा कठडा हलवून पाहिला, आमची भांडणं होतात का ते विचारलं, आणि मग फार गंभीरपणे म्हणाल्या, "दुसऱ्या देशातलं मूल येणार आहे. त्याच्या देशाबद्दल त्याला सांगाल ना?" मी म्हटलं, सांगेन की. त्यांच्या कागदांवर भारत 'दुसरा देश' होता आणि मी त्या दुसऱ्या देशातून मूल आणणारा गृहस्थ. त्या गेल्यावर ते दोन शब्द मी कितीतरी वेळ मनात घोळवत बसलो. वाईट वाटण्यासारखं त्या काहीच बोलल्या नव्हत्या, तरीही.

पुढे कळलं की मुलगी पुण्यातच आहे, विश्रांतवाडीच्या एका संस्थेत. मी घाईघाईने फोन केला. बाबा म्हणाले, "विश्रांतवाडी? म्हणजे परदेशच झाला की." पेठेच्या बाहेरचं जग त्यांना तसंही फारसं मान्य नाही. पण आम्ही जुईला आणायला निघालो तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यात आधी जिना उतरले तेच.

जुई पाच वर्षांची होती. एका लांब खोलीत छोट्या खाटांची रांग, आणि शेवटच्या खाटेवर बूट घालून, हात मांडीवर ठेवून ती बसलेली. तिला वाढवणाऱ्या मावशींनी तिची वेणी इतकी घट्ट घातली होती की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. निघताना दाराशी मावशींनी तिला ओवाळलं, डोळे पुसले आणि तिच्या हातावर दही घातलं. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्याच घरची रीत आहे. जुईने मात्र ते खाल्लं नाही. तिने मूठ मिटली. गाडीत दही बोटांतून माझ्या पँटवर ठिबकत राहिलं आणि संगमवाडीचा पूल आला तरी तिने मूठ उघडली नाही. थोड्या दिवसांनी आम्ही जर्मनीला निघालो तेव्हा ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती, म्हणून आईने आमच्या दोघांच्याच हातावर दही घातलं.

स्टुटगार्टला ती आमच्यापेक्षा लवकर रुळली. वर्षभरात माझे जर्मन उच्चार सुधारायला लागली. पुण्यात लोकांना नियम सांगायला आवडतात आणि इथे पाळायला. जुईला दोन्ही आवडायचं. रस्त्यावर गाडी नसताना सिग्नल तोडला तर ती मला घरापर्यंत बोलत यायची. पण दोन गोष्टी आम्हाला कळत नव्हत्या. एक म्हणजे ती दह्याला शिवायची नाही. दूध चाले, पनीर चाले, दही दिसलं की उठून जायची. डॉक्टरांनी तपासण्या करून काही नाही म्हणून सांगितलं. नीलिमाने कढी बंद केली, कोशिंबिरी बंद केल्या, आणि स्वतःचा दहीभात ती ऑफिसात जाऊन खायची. दुसरी गोष्ट, कोणी नवरा-बायको आमच्याकडे जेवायला आले की जुई टेबलाखाली जाऊन बसायची आणि ते गेल्यावरच बाहेर यायची. लाजाळू आहे, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. एकमेकांना मात्र वेगळं सांगायचो. आपण कायमचे आहोत हे तिला अजून पटलं नसेल का, या प्रश्नाने मी फार हैराण झालो होतो. आणि ते तिला विचारायची माझी हिंमत नव्हती.

दोन वर्षांनी आम्ही तिला घेऊन पुण्याला आलो. ते आठवडे मजेत गेले. बाबा रोज तिला घेऊन खारी आणायला जात. रिक्षावाल्याने नाही म्हटल्यावर कमीत कमी शब्दांत त्याला लाजवायचं कसं, हे त्यांनी नातीला शिकवलं. आजी-आजोबांच्या मधे झोपायचा हक्क तिने पहिल्याच रात्री मिळवला. मग निघायचा दिवस आला. बॅगा खाली गेल्या, आई वाटी-चमचा घेऊन दारात आली, आणि या वेळी तिने पहिल्यांदा जुईचा हात पुढे ओढला.

जुई ओरडलीच. हात सोडवून ती बाथरूममध्ये शिरली आणि तिने कडी लावली.

"मला नाही जायचं! मला नवीन आई-बाबा नको! मला हेच पाहिजेत!"

नीलिमा दाराशी बसली. आतून हुंदक्यांबरोबर एकेक नाव येत होतं. ओवी. समीर. छोटी परी. संस्थेत गाडी यायची, नवे आई-बाबा यायचे, दाराशी मावशी हातावर दही घालायच्या, आणि संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत ते मूल नसायचं. ज्याच्या हातावर दही पडलं तो कधीच परत आला नाही. मग तिच्याही हातावर दही पडलं, आणि तीही परत गेली नाही. आता आजी वाटी घेऊन आली होती, म्हणजे पुन्हा कोणीतरी न्यायला आलं असणार. खाली गाडी तर उभीच होती.

आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. बाबा म्हणाले, "पोरीचं निरीक्षण बरोबर आहे. आपल्याही घरातून दही घेऊन गेलेला कुठे आला?"

ते चेष्टेत म्हणाले, नेहमीच्याच कोरड्या आवाजात. पण कोणी हसलं नाही. मला तर आईकडे बघवेना.

आई मात्र बाथरूमच्या दारापाशी गेली. "जुई, फटीतून बघ," असं म्हणून तिने स्वतःच्या हातावर दही घातलं, खाल्लं, चपला घातल्या आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली. तिचे गुडघे मला माहीत होते. मी मागे निघालो तर म्हणाली, "तू थांब तिथेच." आम्ही जिन्यातल्या तिच्या चपलांचा आवाज ऐकत बसलो. खाली जाऊन, कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी घेऊन, प्रत्येक मजल्यावर दम खात ती वर आली. दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आले की नाही?"

कडी निघाली. अर्ध्या दारातून जुई म्हणाली, "आता आजोबा."

"मी कशाला? मी कुठे जातोच आहे?" असं म्हणत बाबा उठले, दही खाऊन तीन मजले उतरले आणि चढून आले. "आलो. नाइलाजाने," म्हणाले आणि घाम पुसत खुर्चीत बसले. मग नीलिमा गेली नि आली. तोवर ड्रायव्हरच वर आला. "ओ साहेब, टाइम झाला हाय. घाटात ट्रॅफिक हाय." जुईने त्याच्याही हातावर दही घातलं. त्याने बावचळून आमच्याकडे पाहिलं. "खा," ती म्हणाली, "मग तुम्ही परत याल." "मग खातोच की," तो म्हणाला. "घरी वाट बघत्यात."

"बाबा, आता तू," जुई मला म्हणाली.

मी गेलो. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलो. वर आलो तेव्हा दारात जुई होती आणि तिच्यामागे आई. आई माझ्याकडे बघत होती. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसाकडे कोणी असं बघत नाही.

"आता माझी चिऊ?" आईने विचारलं. जुईने हात पाठीमागे घेतला. "मला नको. पुढच्या वेळी." आईने आग्रह केला नाही.

स्टुटगार्टला आल्यावर आमच्या घरात दही परत आलं. मी ऑफिसला निघालो की दही, कचरा टाकायला निघालो तरी दही. पाहुणे आले तर जुई आता टेबलाखाली जात नाही. ते निघाले की दारात वाटी घेऊन उभी राहते. जर्मन माणसं बिचारी मुकाट्याने हात पुढे करतात. स्वतःचा हात मात्र तिने कधी पुढे केला नाही. मीही कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तिच्या वर्गाची सहल होती, एक रात्र बाहेर राहायचं. सकाळी पाठीला सॅक लावून ती दाराशी थांबली. वळली. आणि तळहात पुढे केला.

घरात नेमकं दही नव्हतं! एरवी कधी न चुकणारं ते दही त्याच सकाळी संपलं होतं. नीलिमा फ्रिज उपसायला लागली, मी तसाच पायजम्यावर जाऊन खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंची बेल वाजवली. त्यांच्याकडे स्ट्रॉबेरीचं योगर्ट निघालं. गुलाबी. "चालतं," जुई म्हणाली, चाटून पुसून खाल्लं आणि गेली.

घर म्हणजे आपण जिथून निघालो ती जागा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्या सकाळी चमचा माझ्या हातात राहिला आणि जिन्यातला तिच्या बुटांचा आवाज ऐकत मीच दारात उभा होतो. आई, तू किती वर्षं अशी उभी आहेस गं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मी खिडकीशी होतो. पुस्तक उघडं होतं, वाचत नव्हतो. बेल वाजली. दार उघडलं तर जुई, गुडघे चिखलाने भरलेले, वेणी सुटलेली. सॅक खाली टाकून तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आले की नाही?"