लेट-लतिफांची गल्ली

चौतीस वर्षांच्या नोकरीत कवडूभाऊ एक दिवसही ड्युटीवर लेट गेले नाहीत, हे ज्याला माहीत नाही तो भिलाईतल्या मरोदा वस्तीचा नव्हेच. माहीत नसेल तर ते स्वतः थांबवून सांगतात.

भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले, आणि पहिल्या दिवसापासून ड्युटीवर जायचे ते सायकलवरूनच. तेव्हा शिफ्ट सुटली की सायकलींचा असा लोंढा निघायचा की ट्रक मुकाट्याने कडेला उभे राहायचे. रस्त्याच्या मधोमध सायकल हाकायची सवय तिथली. पुढे रिटायर झाले, लोंढा गेला, सवय तेवढी राहिली. रोज सकाळी सहाला तोंडाला पांढरा दुपट्टा बांधून सिविक सेंटरला जायचं, जुन्या सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा, साडेसातच्या ठोक्याला घरी. मागून डंपरने हॉर्न मारला की हे उलट त्यालाच दटावणार, "थांब ना बे, दिसत नाही काय?"

भट्टीच्या धुळीने छातीत घर केलेलं. दम टिकवायचा तर सायकल सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण त्या रस्त्यावरून आलं की दुपट्टा नाकापाशी काळा पडलेला असायचा, आणि तो घासता घासता गुंजनचे हात दुखायचे. गुंजन ही त्यांची लेक, शाळेत शिकवते. आई गेल्यापासून घरात तिचंच चालतं.

एका मंगळवारी डंपरचा आरसा हँडलला लागला आणि कवडूभाऊ नालीत पडले. कोपरच खरचटलं. पण गुंजनने सायकलला साखळी घातली.

"बाबा, बस हो गया. तुमाले काही झालं तं मी कोणाकडे पाहू? डंपर नसलेला रस्ता दाखवा, नाही तं रविवारी सायकल कबाडीले जाते."

असा रस्ता होता, तीच तर पंचाईत! क्वार्टरांच्या मागून, कडुनिंबांखालून एक वाकडीतिकडी गल्ली जायची. लांबची होती. उशीर झालेले लोक साहेबांची जीप चुकवायला तिकडून जात, म्हणून ती लेट-लतिफांची गल्ली. कवडूभाऊंनी तिथे कधी पाय ठेवला नव्हता. तिचा बादशहा म्हणजे कारखान्यातला त्यांचा सोबती, रोज लेट येणारा नत्थू, ज्याला त्यांनी जन्मभर टोमणे मारले.

तीन दिवस ते फुगून बसले. शनिवारी मान खाली घालून नत्थूच्या दारात गेले.

"नत्थू, तुही गल्ली दाखव."

"कावून बे? तुले आता कोणती ड्युटी लेट झाली?"

नत्थू पोट धरून हसला, पण चप्पल घालून निघालाही. गल्ली बेशरमच्या झुडपांनी बुजली होती आणि नालीवरची फरशी तुटली होती. दोघा म्हाताऱ्यांनी विळ्याने झुडपं छाटली, नालीवर फळी टाकली. संध्याकाळी सायकलवाल्यांना हा रस्ता नीट करून द्या म्हणून पालिकेला अर्ज लिहिला. अक्षर कवडूभाऊंचं, सह्या नत्थूने जमवल्या. लेट येणाऱ्याच्या ओळखी जास्त.

रविवारी गुंजनने साखळी काढली. "आजच्या दिवस पाहू," एवढंच म्हणाली.

जाणं झकास झालं. परतताना मात्र कवडूभाऊंनी घड्याळ पाहिलं. सात पंचवीस! आणि गल्ली अजून अर्धी बाकी. डावीकडे एक बोळ मोठ्या रस्त्यावर निघत होता. तिकडून पाच मिनिटांत घर. नाही तर चौतीस वर्षांचं नाव पाण्यात जाणार. त्यांनी हँडल वळवलंसुद्धा. बोळाच्या तोंडाशी एक डंपर धडधडत गेला, धुराळा आत आला, आणि त्यांना साखळी घालणारे गुंजनचे हात आठवले. "होऊ दे बापा लेट," असं स्वतःलाच म्हणून ते पुन्हा कडुनिंबांखाली लागले. मोकळा श्वास कसा असतो हे त्यांना छातीत कळत होतं.

घरी पोचले तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते. गुंजन फाटकात उभी, चेहरा उतरलेला. चोरासारखे ते सायकलवरून उतरले.

"गुंजन, लेट झाला मले..."

तिने त्यांच्या तोंडावरचा दुपट्टा सोडला आणि उन्हात धरून नाकाजवळची जागा पाहिली. दुपट्टा पांढराच होता. ती पायरीवर बसली, त्याच दुपट्ट्याने डोळे पुसले आणि म्हणाली,

"बाबा, आता रोज असेच लेट येत जा."