अकरा फोटो

बुरुलचाकडे लेन्स एकच, अठरा ते तीनशे मिलिमीटरची. अत-बाशी गावच्या शाळेतली भूगोलाची नोकरी सोडून तिने मिररलेस कॅमेरा घेतला, त्यावर ही लेन्स चढवली, ती पुन्हा काढली नाही. लग्नघरातला चहाचा वाडगा असो की डोंगराच्या अंगाने येणारे घोडे, लेन्सवरचं झूमचं कडं फिरवलं की झालं; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ. "मैदानावरच्या धुळीत लेन्स बदलत कोण बसणार?" असं ती म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ मेदेर कोक-बोरू खेळायचा, घोड्यावरून बोकडाचं धूड पळवायचा खेळ. शरदातल्या सामन्याचे फोटो काढायला आयोजक शेरअलीने तिलाच बोलावलं होतं. मेदेर मैदानात थोडा आत होता. जमिनीवरचं बोकडाचं धूड उचलायला तो घोड्यावरून खाली वाकला, तशी तिने लेन्स तीनशेपर्यंत नेली. त्याचा आवळलेला जबडा तिला हाताच्या अंतरावर दिसला. तेवढ्यात खोगिराचा पट्टा तुटला आणि तो घोड्यांच्या पायांत गेला.

ती धावत सुटली. खांद्याचं हाड मोडलं होतं, डोकं वाचलं होतं.

आपण लगेच धावलो, असं तिने घरी सगळ्यांना सांगितलं. मग तिने फोटो कॉम्प्युटरवर टाकले. पडण्याचे अकरा होते. आवाज न करणारं शटर लावलेलं, त्यामुळे बोट दाबलेलंच राहिल्याचं तिला कळलंही नव्हतं. पण फोटोखालच्या आकड्यांचं काय करायचं? पहिले सात तीनशेवर, शेवटचा एकशे ऐंशीवर. जमिनीवर पालथा पडलेला भाऊ चौकटीत पुरा मावावा म्हणून तिने कडं मागे फिरवलं होतं.

चार दिवस तिला जेवण गेलं नाही. ती ते फोटो उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. पाचव्या दिवशी दवाखान्यात मेदेरनेच विषय काढला. थोरल्या बहिणीला तो एजे म्हणायचा.

"एजे, मी पडलो त्याचे फोटो दाखव ना."

"बरा हो आधी."

"दाखव गं. पोरं म्हणतायत, मीच घसरलो."

तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला. "बघ, पट्टाच तुटलाय," तो खूश होऊन म्हणाला. शेवटच्या फोटोपाशी मात्र तो बराच वेळ थांबला.

"मी आधी धावायला हवं होतं," ती म्हणाली.

"धावून काय झेलणार होतीस मला? तीस पावलांवर होतीस."

"छत्तीस. मोजून आले काल."

तो हसला आणि खांद्यातल्या कळेने कण्हला. "हा शेवटचा तेवढा अपाला दाखवू नकोस. आई आहे ती."

त्याचं मन हलकं झालं, तिचं नाही. वसंतात तो पुन्हा घोड्यावर बसला. त्या सामन्याचे फोटो बघून शेरअली म्हणाला, "बुरुलचा, मैदानात आठ जण होते ना? बाकीचे सात कुठे गेले?"

"होते की तिथेच."

"मग?"

"त्यांच्याकडे बघायला मला सवड नव्हती, दादा."

पुढचा सामना शेरअलीने दुसऱ्या फोटोग्राफरला दिला.

आता ती लग्नांचीच कामं घेते. मेदेरच्या सामन्याला रिकाम्या हाताने जाते आणि तो जिकडे जाईल तिकडे, मैदानाभोवतीच्या दोरीच्या कडेने सारखी येरझारा घालत राहते. "बाई, एकदाच्या बसा ना, आम्हाला दिसत नाही," मागचे ओरडतात. ती दोन पावलं बाजूला सरते.