पडद्यावरचा वारा

तापलेल्या मोटारीचा करपट वास आला, की आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विभागप्रमुख नाकाला रुमाल लावत. प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी वाऱ्याच्या बोगद्याचा, म्हणजे छोट्या नमुन्यांवर वारा सोडून पाहायच्या लांबट पेटीचा, पंखा सुरू केलेला असे. "बंद करा तो डबा," सर म्हणत. "वारा मी संगणकावर पाहतो. तिथं धूळ नसते."

बुलढाणा जिल्ह्यात राहून ज्यांना धूळ सोसत नाही, असे विद्वान तुम्हीही पाहिले असतील. मी तिथे कार्यालयात होते. मराठी घेऊन शिकलेली, म्हणून शेतकऱ्यांसाठीचे अहवाल माझ्याकडे. पडद्यावर निळे-तांबडे पट्टे रेशमासारखे सरकू लागले, की सर असे रेलून बसत, जणू वारा त्यांच्याच पोटी जन्मला आहे.

धामणगाव बढे इथल्या एका बाईंना मिरचीच्या रोपांवर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, उभारायचं होतं; ते वाऱ्यात टिकेल का, हे त्यांनी आम्हाला विचारलं होतं. सरांनी संगणकात जाळी ताठ मानली, जमीन दगडासारखी अचल. निकाल आला: सुरक्षित. मिस्त्रींनी मात्र बाईंच्याच वावरातली भेगाळलेली काळी माती आणली, ट्रेमध्ये भरली, तीत बोटभर खांब रोवले, खरी जाळी ताणली आणि पंखा लावला. जाळी थरथरली, फुगली. वाऱ्याकडचे खांब दुखऱ्या दातांसारखे हलत वर आले.

"सर, पाहा ना, खांब उपटून राह्यले."

"मातीत बालवाडीतली मुलं खेळतात, मिस्त्री."

"पण बाईच्या वावरात मातीच हाय ना, सर."

सर हसले. हसू त्यांना फार स्वस्तात येई. मग माझ्याकडे वळले, "बोगद्यात खांब उपटल्याचं ते वाक्य काढा, मॅडम. अहवाल कसा नितळ हवा."

मी काढलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी वादळ उठलं. अहवालावर विसंबून बाईंनी उभारलेली जाळी खांबांसकट शेजारच्या बांधावर जाऊन पडली. उघडी रोपं उन्हानं करपली. सरांच्या कानावर घातलं, तर पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "म्हणजे वारा गृहीतकाबाहेर गेला." वाऱ्याची चूक काढणारा माणूस मी प्रथमच पाहत होते.

त्याच रंगीत पट्ट्यांच्या बळावर ते महिन्याभरात पुण्याला मोठ्या पदावर गेले. मिस्त्रींनी विद्यार्थ्यांना त्याच संगणकात जाळी सैल आणि माती भुसभुशीत भरायला लावली. पडद्यावरही खांब उखडले. संगणक बिचारा खोटं बोललाच नव्हता; त्याला कुणी नीट विचारलंच नव्हतं.

मी धामणगावला गेले. बाई पुन्हा वाफे बांधत होत्या. खांब उपटतात हे आम्हाला आधीच दिसलं होतं आणि ते वाक्य मी माझ्या हातानं काढलं, एवढं सांगितलं. बाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"काऊन काढलं?"