फुटक्या डोक्यांची वही

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. त्या उन्हाळ्यात रुद्राणी रोज डोकी मोजायची. फुटलेली.

अर्थशास्त्राच्या एम.ए.ला अर्थमितीचा पेपर घ्यायचा तर सरांची अट होती : जूनमध्ये येताना स्वतः गोळा केलेली तीस दिवसांची आकडेवारी आणा, नाहीतर सोपा पेपर घ्या. रुद्राणी राहायची गुरम्मा मावशीकडे, आणि त्या गल्लीत आकडेवारी दारात येऊन पडायची. टँकर किती तास उशिरा आला, त्यापायी किती डोकी फुटली. कागदावर ठिपके मांडायचे आणि मधून रेघ ओढायची.

रांग माणसांची नव्हे, घागरींची. सकाळी घागर ठेवून घरी जायचं, भोंगा वाजला की आपापल्या घागरीमागं उभं राहायचं. पण टँकर लांबला की काही घागरींना पाय फुटत, त्या पुढं सरकत. मग डोक्यांवर लोखंडी बादल्या चालत. विठाबाईचे दोन दात गेले, केरबाच्या भुवईला पाच टाके पडले. दगडोबाचं डोकं तर महिन्यात तीनदा फुटलं. अलीकडे तो घरूनच पट्टी बांधून यायचा.

तिसाव्या दिवशी टँकर चक्क वेळेवर आला. रुद्राणी खुशीत शून्य लिहिणार, तोच दगडोबानं मागून वहीत डोकावलं. ‘दगडोबा – ३’.

“माझं नाव कलेक्टरला द्यायलीस व्हय गं?”

नव्या कलेक्टरच्या माणसाशिवाय वही घेऊन कोण उभं राहणार, अशी गल्लीची पक्की समजूत.

“न्हाई काका, कॉलेजचं हाय. तुमचं डोकं अभ्यासाला घेतलंय.”

यात दगडोबाला काय लागलं कोण जाणे. त्यानं तिची वेणी धरून तिला टँकरवर आपटलं. गुरम्मानं पितळी कळशी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या टाळूवर घातली. त्याचे भाऊ धावले, मग सगळी गल्लीच. नळ उघडाच राहिला. चिखल लाल झाला. कुणाच्या तरी पायाखाली रुद्राणीच्या उजव्या मनगटाचा कडकन आवाज झाला. वही दातात धरून ती टँकरखाली सरपटली. तिथूनही तिनं मोजलं. सात.

सरकारी दवाखान्यात डोक्याला टाके घालून घेता घेता गुरम्मा म्हणाली, “आजचा दिस शून्यच लिही बाई. रेघ सरळ यील.”

शेजारच्या खाटेवरून दगडोबा उसळला, “शून्य? मग माझं डोकं काय नारळ हाय? चार लिही माझं!”

जूनमध्ये सरांनी तिनं डाव्या हातानं काढलेले ते वाकडेतिकडे ठिपके पाहिले. एकोणतीस रांगेत होते. तिसावा भलतीकडेच.

“हा चुकलाय. काढून टाका, रेघ सुरेख येईल.”

“चुकला न्हाई, सर. टँकर वेळेवर आला, तरी सात डोकी फुटली. एक माझ्या मावशीचं.”

“कारण?”

पेपर गेला, असंच रुद्राणीला वाटलं.

“मी, सर. वही घेऊन उभी होते ना.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिच्या प्लास्टरकडे बघून अर्थमिती घेणाऱ्यांची यादी स्वतःकडे ओढली आणि तिचं नाव आपणच लिहिलं.