कोपरापर्यंत पाणी

मी पदव्युत्तर वर्गात जेवणाचा अभ्यास करते, हे सेलूत कुणाला पटत नसे. जेवायला कॉलेज कशाला, असे शेजारी विचारीत, आणि प्रश्न अगदीच वाईट नव्हता. नव्वदचे दशक संपत आले होते. वर्ध्याच्या आमच्या गृहविज्ञान विभागात आहारसंस्कृती हा विषय नुकताच आला होता आणि त्यात जेवणापेक्षा व्याख्या जास्त होत्या. झुणक्याला तिथे ‘डाळीच्या पिठाचा पारंपरिक अर्धघन पदार्थ’ म्हणत. असे म्हटले की झुणका खावासा वाटत नाही, पण गुण मिळतात.

माझा प्रबंध मडक्यावरच्या लांब पोळीवर होता. सैल कणीक परातीत आपटून आपटून रबरासारखी करायची, तिचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायचा. ही पोळी मी मोठ्या आईकडून, म्हणजे थोरल्या काकूकडून शिकले. एक अख्खा उन्हाळा माझ्या पोळ्या फाटत होत्या आणि घरातले सगळे त्या फाटक्याच खात होते. पाणी किती घालायचे, याचे तिचे उत्तर ठरलेले होते. गोळा हातावर ठेवायचा. तो आपल्या वजनाने कोपरापर्यंत गेला तर झाले, नाही गेला तर आणखी पाणी. नवा गहू कमी पाणी पितो, जुना जास्त, आणि कोपर तेवढे बदलत नाही.

प्रबंधात मी तेच लिहिले. पुण्याच्या परीक्षक बाईंनी समासात लाल शाईने शेरा मारला: कोपर हे प्रमाण नव्हे. कृती अशी हवी की वाचून कुणालाही करता आली पाहिजे. तोंडी परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवा, नाहीतर प्रकरण वगळा. वगळायला माझी हरकत नसती, पण प्रबंधात तेवढे एकच प्रकरण माझे स्वतःचे होते. बाकीची ग्रंथालयाची होती. ते गेले तर नवा विषय आणि नवे वर्ष.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या एसटीने मोठ्या आईचे काळे मडके मांडीवर घेऊन मी वर्ध्याला आले. विभागात रांगोळी झाली होती, शाल आणि नारळ ताटात तयार होते. विभागप्रमुख मॅडमनी मडक्याकडे पाहिले आणि ते मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत ठेवायला सांगितले. पाहुण्यांसाठी त्यांनी नवे मडके आणवले होते. त्याला पांढरा ऑइल पेंट, कडेने आंब्याची पाने आणि मधोमध लाल अक्षरांत ‘सुस्वागतम्’. रंग जळेल, असे मी म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या की इतक्या लांबून आलेल्या माणसासमोर काळे मडके बरे दिसत नाही.

परीक्षक बाई आल्या, शाल घेतली, खुर्चीत बसल्या. मी शेगडीवर ते स्वागत पालथे घातले. आधी वास आला, मग पानांना फोड आले. तरी मी पोळी टाकली, कारण सगळे पाहत होते. ती चिकटली. ओढून काढली तेव्हा तिच्यावर लाल अक्षरे उलटी उमटली होती. बाईंनी चष्मा लावला आणि ती शांतपणे वाचली.

“आता?” त्या म्हणाल्या.

मी कुणाची परवानगी विचारली नाही. मोडक्या खुर्च्यांमधून काळे मडके काढून आणले आणि शेगडीवर पालथे घातले. ते तापेपर्यंत बाईंनी त्यांचा प्रश्न पुन्हा विचारला, पाणी किती?

“हात पुढे करा, बाई.”

विभागप्रमुख मॅडमचा श्वास मला ऐकू आला. बाईंनी मात्र घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि हात पुढे केला. त्यावर मी मुद्दाम घट्ट ठेवलेला गोळा दिला. तो मनगटापाशीच बसून राहिला. पाणी घालून त्यांनाच परातीत आपटायला लावले. पुढचा गोळा अर्ध्या हातावर येऊन फाटला. त्यानंतरचाही फाटला. पुन्हा पाणी, पुन्हा आपटणे. शालीवर शिंतोडे उडाले तरी त्या थांबल्या नाहीत. शेवटी एक गोळा सावकाश घसरत कोपराला लागला.

“आता झुलवा. आणि टाका.”

पोळी एका कडेला दुमडली, पण मडक्यावर पडली. लगेच फुगे आले. मी ती उलटवली, घडी घातली आणि सोबत आणलेला डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

“हा कोणता पदार्थ?”

“झुणका,” मी म्हटले. व्याख्या दिली नाही.

बाई खाऊ लागल्या. विभागप्रमुख मॅडमनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि दुसरे कुणी वाजवत नाही हे पाहून हात पदराला पुसले. मग त्यांनी अभ्यासू आवाजात शंका काढली, “पण मॅडम, कोपर नेमकं कुणाचं धरायचं?”

“पोळी करणाऱ्याचं,” बाई म्हणाल्या. पिठाच्या हाताने त्यांनी पेन उचलले आणि स्वतःचाच लाल शेरा खोडला. त्या पानावर कणकेचा ठसा आहे. बांधून आलेल्या प्रतीतही मी तेच पान ठेवले.

संध्याकाळी काळे मडके विभागाच्या दारात हार घालून ठेवायचे ठरले होते. तोपर्यंत मी मडक्यासकट एसटी स्टँडवर पोचले होते.

मोठी आई घरासमोर गहू निवडत होती. पास झाले, हे तिने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखले असावे, कारण ते विचारलेच नाही. परीक्षक बाईंनाच पोळी करायला लावली, एवढे मी सांगितले.

“फाटल्या काय तिच्या पोळ्या?”

“दोनदा.”

“दोनदाच?” तिने सुपातून मान वर केली. “तुह्याहून हुशार हाय मंग थे. तू तं पुरा उन्हाळा फाडत होती.”

मग ती उठली, माझ्या हातातून मडके घेतले, सगळीकडून फिरवून पाहिले आणि चुलीवर पालथे घातले.